बांधेसूद तांबडी वाईन आणि धाराशिवचा द्राक्ष बागाईतदार

धाराशिव जिल्ह्याचे नाव द्राक्षांच्या संदर्भात नाशिक किंवा सांगलीइतके घेतले जात नाही. तथापि तुळजापूर, धाराशिव व आसपासच्या तालुक्यांतील हलक्या, निचऱ्याच्या जमिनींवर द्राक्षबागा पुष्कळ वर्षांपासून उभ्या आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता व हैदराबाद परिसरात अनाबेशाही हे वाण नावारूपास आले होते. पुढे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी सोनाका व शरद सीडलेस ही वाणे दिली, आणि बिनबियांच्या द्राक्षांचा प्रसार झपाट्याने झाला. द्राक्षाचे पीक या भागास नवे नाही.

नवा आहे तो प्रश्न. ऐन हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाजारात माल एकदम येतो व भाव कोसळतो. अशा वेळी, “खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाईनची द्राक्षे लावावीत काय? इटलीत लहान कुटुंबे आपल्याच शेतावर सेंद्रिय द्राक्षे पिकवून आपल्याच नावाची वाईन विकतात. मग आम्ही का करू नये?” असे शेतकरी विचारतात. या प्रश्नास उत्साहाच्या भरात ‘होय’ म्हणणे सोपे आहे आणि माहितीअभावी ‘नाही’ म्हणणेही सोपे आहे. दोहोंमुळे शेतकऱ्याचे नुकसान होते. यास्तव अशी वाईन म्हणजे काय, ती कशी होते, तिला काय खर्च पडतो व त्यातील कोणती गोष्ट आपल्या उपयोगाची आहे, याचा विचार येथे केला आहे.

वाईन हे मादक पेय आहे, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. प्रस्तुत लेख पिण्याविषयी नसून पिकाविषयी आहे.

‘बांधेसूद’ वाईन म्हणजे काय?

वाईन जाणणारे लोक एखाद्या तांबड्या वाईनीला ‘बांधा’ आहे असे म्हणतात. घराच्या उपमेने हे लवकर समजेल. घराच्या भिंती रंगवलेल्या असोत वा नसोत, आढे, तुळया आणि खांब भक्कम असतील तर घर पिढ्यानपिढ्या टिकते. वाईनीतही असे तीन आधार असतात. पहिला आधार आम्लतेचा. तिच्यामुळे वाईन ताजी राहते व लवकर बिघडत नाही. दुसरा तुरटपणाचा. कच्चे डाळिंब किंवा सुपारी चघळल्यावर जिभेला जो कोरडेपणा येतो, तोच गुण द्राक्षाच्या सालीत व बीमध्ये असतो. त्यास टॅनिन म्हणतात. तिसरा आधार मद्यार्काचा. तो द्राक्षातील साखरेपासून तयार होतो. हे तीन समतोल असतील तर वाईन वर्षानुवर्षे मुरते व सुधारते. एक जरी ढळला तरी ती पातळ, कडू किंवा जळजळीत लागते.

यातील एकही गुण कारखान्यात पैदा होत नाही. आम्ल, टॅनिन व साखर ही सर्व बागेतूनच येतात. कारखान्यात त्यांचा सांभाळ तेवढा होतो. म्हणून अशी वाईन करणारा मनुष्य आधी बागाईतदार असावा लागतो.

इटलीतील घरगुती वाइनरी

मध्य इटलीतील टस्कनी हा प्रांत तांबड्या वाईनीसाठी विख्यात आहे. तेथील मुख्य वाण सांजोवेझे. फ्लॉरेन्स व सिएना या शहरांमधील डोंगराळ पट्ट्यास कियांती म्हणतात. १७१६ मध्ये तेथील राज्यकर्ता तिसरा कोझिमो याने या भागाच्या सीमा फर्मानाने ठरवून दिल्या. अमुक सीमेच्या आतील द्राक्षांनाच हे नाव लावता येईल, असा दंडक घालणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या नियमांपैकी हा एक होय.

तेथील शेतकऱ्याची स्थिती मात्र पुष्कळ काळ हलाखीची होती. जमीन मालकाची, श्रम कुळाचे आणि पीक अर्धे-अर्धे, अशी आपल्या अर्धेलीसारखीच ‘मेत्झाद्रिया’ नावाची पद्धत तेथे शेकडो वर्षे चालली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी झाली. त्या सुमारास अनेक कुळे शहरांकडे गेली व डोंगरउतारावरील बागा ओस पडल्या. जे राहिले, त्यांतील पुष्कळांनी आपली द्राक्षे मोठ्या कोठारांना किंवा सहकारी संस्थांना दिली. वाईन स्वस्त, पातळ व नावाशिवाय विकली जाई.

१९८६ मध्ये एक भयंकर प्रकार घडला. काही विक्रेत्यांनी वाईनीचा कस वाढविण्यासाठी तीत विषारी मिथेनॉल मिसळले. वीसहून अधिक माणसे दगावली व इटलीच्या वाईनीची परदेशातील मागणी एकदम खाली आली. या आघाताने एक धडा मिळाला. नावाशिवाय मोठ्या प्रमाणावर विकलेल्या मालाची जबाबदारी कोणी घेत नाही. पण ज्या बाटलीवर शेतकऱ्याचे व गावाचे नाव असते, तिच्यासाठी ते कुटुंब जबाबदार असते. पुढील काळात कमी उत्पादन, जास्त गुणवत्ता व आपल्या नावाने विक्री या मार्गाला अनेक कुटुंबे लागली. त्यांतील काहींनी रासायनिक औषधे व खते सोडून सेंद्रिय पद्धत पत्करली.

कियांतीमधील पान्झानो या गावाचे उदाहरण विशेष पाहण्यासारखे आहे. तेथील बागाईतदारांनी १९९५ मध्ये आपला संघ स्थापन केला, सर्वांनी मिळून शेतीतज्ज्ञाचा सल्ला घेण्याची सोय केली आणि आज त्या गावच्या बहुतांश बागा सेंद्रिय आहेत. एकट्याने सेंद्रिय शेती केली तर शेजारच्या फवारणीचे तुषार वाऱ्याने आपल्या बागेवर येतात व शेजारची कीडही येते. संपूर्ण शिवाराने एकत्र केले तर दोन्ही अडचणी कमी होतात. आपल्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगी ही बाब आहे.

शेजारचे उदाहरण : अकलूज

या प्रश्नासाठी दूर इटलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील अकलूजच्या परिसरात, इटलीतील सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू व अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून २००७ च्या सुमारास ‘फ्रातेल्ली’ ही वाइनरी उभारली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा होतो. टस्कनीतील अनुभवी वाईनकार पिएरो मासी यांनी वाणांची निवड व वाईन करण्याची दिशा ठरवली. बाहेरून आणलेली कलमे लावून सांजोवेझेसह अनेक वाणांच्या बागा त्या कोरड्या माळावर ठिबक सिंचनावर उभ्या केल्या. सांजोवेझे व कॅबर्ने सॉव्हिन्यॉन या दोन वाणांच्या मिश्रणातून तेथे ‘सेत्ते’ नावाची, लाकडी पिंपात मुरवलेली तांबडी वाईन होते.

ही वाइनरी लहान नाही व तिच्यामागे मोठे भांडवल आहे. तेव्हा दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याने तिची नक्कल करावी असे नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली. टस्कनीचे वाण, आपल्याशी मिळत्याजुळत्या कोरड्या हवेत व माळरानावर, योग्य काळजी घेतल्यास बांधेसूद वाईन देऊ शकते. अकलूज हे परंड्याहून कुर्डुवाडी-टेंभुर्णीमार्गे एका रात्रीच्या वाहतुकीच्या आवाक्यात आहे, हेही ध्यानात घ्यावे.

येथील हवामान व टस्कनीचे हवामान

टस्कनीत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, वसंतात फुटते व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिचा माल निघतो. आपल्याकडे वेल कधीच पुरती झोपत नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटणी करतो व एकदाच पीक घेतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ज्यायोगे काडी तयार होते व तीत पुढील घडांची धारणा होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, ज्यायोगे घड येतात.

या दोन्ही वेळा धाराशिव जिल्ह्यात कसोटीच्या असतात. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीतील डोळ्यांत घड धरला जातो आणि नेमके तेव्हाच, मे महिन्यात, विहिरी तळ गाठतात. २०१४-१५ व २०१५-१६ या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातील बागाईतदारांनी टँकरने पाणी घालून वेली जगवल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. उलट फळछाटणीच्या सुमारास परतीचा पाऊस येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा व भूम या तालुक्यांत पुराने हाहाकार केला. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की केवडा रोग, ज्यास बागाईतदार डाउनी म्हणतात, घडासकट फूट खातो.

अनुकूल बाजूही आहे. बालाघाटच्या पठारावर डिसेंबर ते फेब्रुवारीमध्ये दिवस उबदार व रात्री थंड असतात. रात्र उष्ण असेल तर द्राक्षातील मॅलिक आम्ल जळून जाते व रस सपक होतो. रात्र थंड असेल तर आम्ल टिकते. म्हणून वाईनच्या बागेची फळछाटणी अशी साधावी की, फळाची पक्वता थंडीच्या शेवटी येईल. मार्च अखेरच्या उन्हात पिकलेल्या द्राक्षात साखर भरपूर असली, तरी बांधा राहत नाही.

वाण व लागवड

सांजोवेझेला आम्लता चांगली व तुरटपणा मध्यम ते जास्त असतो. पण त्याची साल पातळ असल्याने पावसात मणी लवकर कुजतात व रंगही गडद येत नाही. त्याच्या जोडीला जाड सालीचे, बारीक मण्यांचे कॅबर्ने सॉव्हिन्यॉन लावण्याचा प्रघात त्यामुळेच आहे. शिराझ हे वाणही महाराष्ट्रात चांगले रुजले आहे. कोणतेही वाण स्वतःच्या मुळावर न लावता डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करूनच लावावे. अवर्षण व क्षार सोसण्याची शक्ती खुंटाकडून मिळते. खुंट व वाण यांची निवड पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याने व माती-पाणी तपासूनच करावी.

जमीन हलकी ते मध्यम, मुरमाड व उत्तम निचऱ्याची असावी. काळ्या कसदार जमिनीचा मोह टाळावा. तेथे वेल पानोळ्याने माजते व फळास सावली होते. खाण्याच्या द्राक्षाप्रमाणे आडवा मांडव न करता उभ्या तारांवर वेल वाढवावी व ओळी दक्षिणोत्तर ठेवाव्यात. दोन ओळींत ८ फूट व दोन वेलींत ४ फूट अंतर ठेवल्यास एकरी सुमारे १,३६० वेली बसतात.

कमी घ्यावे, चांगले घ्यावे

खाण्याच्या द्राक्षात मणी टपोरा व्हावा म्हणून आपण जिबरेलिक आम्लात घड बुडवतो, विरळणी करतो व पाणी भरपूर देतो. वाईनच्या द्राक्षात याच्या नेमके उलट करावे लागते. टॅनिन, रंग व सुगंध हे सालीत असतात. मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. म्हणून येथे जिबरेलिकची गरज नाही. मण्यांचा रंग फिरण्यापूर्वी पाणी मोजून, किंचित ताण देत द्यावे. घडांपुढची पाने बेताने विरळ करून हवा व सकाळचे ऊन आत येऊ द्यावे. दुपारच्या उन्हाची बाजू मात्र उघडी करू नये.

भार मुद्दाम कमी ठेवावा. उत्तम तांबड्या वाईनसाठी वेलीस सुमारे ३ किलो माल पुरे. वरील अंतरावर हे एकरी सुमारे ४ टन होते. खाण्याच्या द्राक्षात याच्या दुप्पट-तिप्पट माल घेणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवावर हे येते. लटकलेला चांगला घड कापून टाकणे हे आपल्या मनास पटत नाही. परंतु दोन मुलांपुरते दूध सहा मुलांत वाटले तर सहाही अशक्त राहतात, तद्वत हे आहे.

काढणीची वेळ केवळ गोडीवरून ठरवू नये. रिफ्रॅक्टोमीटरने साखर २३ ते २४ ब्रिक्स आल्याचे पाहावे, रसाची आम्लता तपासावी आणि बी चावून पाहावी. बी हिरवी व कडू लागली तर टॅनिन कच्चे आहे. बी तपकिरी झाली व दाताखाली खुसखुशीत फुटली तर ते पिकले आहे. तोडणी रात्री किंवा पहाटे करावी, लहान क्रेटमध्ये भरावी व काही तासांच्या आत माल वाइनरीत पोचवावा. उन्हात तापलेला व दबून रस सुटलेला माल वाटेतच आंबू लागतो.

सेंद्रिय बागेतील रोगनियंत्रण

‘सेंद्रिय’ याचा अर्थ ‘फवारणीच करावयाची नाही’ असा नव्हे. केवड्यासाठी तांबे व भुरीसाठी गंधक ही दोन जुनी औषधे सेंद्रिय नियमांत मर्यादेने चालतात. फ्रान्समधील बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर, वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून, मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेलींवर केवडा नाही, हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले व १८८५ मध्ये त्याने हा उपाय जगापुढे मांडला. तेच आपले बोर्डो मिश्रण.

एक टक्का मिश्रणास १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा लाकडी भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावीत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ विळा थोडा वेळ बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस लेप चढला तर आणखी चुन्याची निवळी घालावी, अन्यथा पाने भाजतील. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

मात्र तांबे जमिनीत साठून राहते व गांडुळांस अपाय करते. म्हणून युरोपात २०१९ पासून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा अधिक तांबे वापरण्यास मनाई आहे. म्हणजे सरासरीने वर्षाला हेक्टरी ४ किलो, अर्थात एकरी सुमारे १.६ किलो. आता आपला हिशेब पाहा. मोरचुदात चौथा हिस्सा तांबे असते. एकरी ४०० लिटर एक टक्का मिश्रण फवारले तर एकाच फवारणीत १ किलो तांबे जमिनीस जाते. म्हणजे दीड फवारणीतच वर्षाची मर्यादा संपली! सबब सेंद्रिय बागेत पूर्ण ताकदीच्या अनेक फवारण्या चालत नाहीत. कमी तीव्रतेचे मिश्रण, नेमकी वेळ व हवेशीर वेल यांवरच भिस्त ठेवावी लागते. पावसाचा अंदाज पाहून पावसापूर्वी फवारणी करणे, हे पावसानंतर दुप्पट औषध मारण्यापेक्षा हिताचे.

गंधक कडक उन्हात फवारू नये; पाने करपतात. शिवाय काढणीच्या आधी पुरेसे दिवस ते बंद करावे. सालीवर राहिलेल्या गंधकामुळे आंबवण्याच्या वेळी वाईनीस सडक्या अंड्यासारखा वास येतो. पिठ्या ढेकणासाठी सैल साल काढून खोड स्वच्छ ठेवावे, मुंग्यांचा बंदोबस्त करावा व मित्रबुरशीचा वापर करावा.

जमिनीच्या पोषणासाठी पावसाळ्यात ओळींमध्ये ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. उन्हाळ्यात उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. त्याने ओल टिकते. शेळ्या-मेंढ्यांचे लेंडीखत उत्तमच. मात्र तांब्याची फवारणी झालेल्या बागेत मेंढ्या चारू नयेत. मेंढीस तांब्याची विषबाधा फार लवकर होते. खत बाहेर कुजवून मगच बागेत आणावे.

सेंद्रिय प्रमाणपत्र एका वर्षात मिळत नाही. द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकास साधारणपणे तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरावा लागतो. या काळात उत्पन्न घटू शकते व भाव मात्र सेंद्रियचा मिळत नाही. ही तीन वर्षे कशावर काढावयाची, याचे उत्तर आधी तयार हवे.

घमेल्यापासून पिंपापर्यंत

तांबडी वाईन करताना देठ काढून मणी हलके फोडतात व रस सालीसकट टाकीत आंबवतात. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. २४ ब्रिक्सच्या रसापासून सुमारे १३ टक्के मद्यार्काची वाईन होते. आंबताना साली वर तरंगून थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीनदा रसात बुडवावा लागतो, म्हणजे रंग व टॅनिन उतरते. तापमान २५ ते ३० अंशांत ठेवावे लागते. आपल्या मार्चमध्ये त्यासाठी थंड पाण्याची यंत्रणा अनिवार्य आहे. एक-दोन आठवड्यांनी वाईन निथळून चोथा दाबतात. पुढे दही लावणाऱ्या जिवाणूंच्या कुळातील जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. मग २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात वर्षभर किंवा अधिक काळ वाईन मुरते. टस्कनीतील ब्रुनेल्लो ही निव्वळ सांजोवेझेची वाईन काढणीनंतरच्या पाचव्या वर्षापर्यंत विक्रीस काढताच येत नाही.

सेंद्रिय वाईनीतही थोडे सल्फर डायऑक्साइड वापरतात. युरोपीय नियमांत कोरड्या तांबड्या सेंद्रिय वाईनीस लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. साध्या वाईनीस १५०. ‘अजिबात काही न घातलेली’ असा दावा कोणी केल्यास तो तपासून घ्यावा.

हे सर्व घरी करून पाहू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावाचून वाईन तयार करणे व विकणे गुन्हा आहे.

हिशेब आणि धोका

एक टन द्राक्षांपासून सुमारे ६०० ते ७०० लिटर वाईन निघते. एकरी ४ टन माल धरला तर सुमारे २,५०० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या सुमारे ३,३०० बाटल्या, किंवा ११ पिंपे. एका एकराच्या धन्याला इतक्या बाटल्या दरसाल विकाव्या लागतील. आणि लागवडीनंतर पहिला माल येण्यास दोन-तीन वर्षे, मुरण्यास आणखी दीड-दोन वर्षे, असा चार-पाच वर्षे पैसा अडकून पडेल. टाक्या, शीतयंत्रणा, पिंपे, परवाना व तज्ज्ञ यांचा खर्च वेगळाच. एकट्या लहान कुटुंबास हे झेपणे कठीण आहे.

नुसती द्राक्षे पिकवून वाइनरीस द्यावयाची म्हटले तरी एक मोठा धोका आहे. सोनाका किंवा थॉम्सनला बाजारात भाव नसेल तर त्याचा बेदाणा करता येतो. वाईनचे द्राक्ष बारीक, बीचे व जाड सालीचे. ते ना पाटीत विकते, ना त्याचा चांगला बेदाणा होतो. त्यास एकच गिऱ्हाईक असते. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केल्यावर अनेकांनी वाईनच्या बागा लावल्या. २००८ मध्ये जागतिक मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेल व पर्यटनाचा धंदा बसला आणि वाईनची मागणी घटली. पुढील एक-दोन वर्षांत वाइनऱ्यांनी माल घेण्यास हात आखडला व पुष्कळ शेतकऱ्यांनी वाढत्या वेली उपटल्या किंवा त्यांवर खाण्याच्या वाणांची कलमे केली. वेल तीच, श्रम तेच. गिऱ्हाईक तेवढे नव्हते.

काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पुढीलप्रमाणे सल्ला द्यावा :

१. आधी गिऱ्हाईक, मग वेल. वाइनरीशी वाण, ब्रिक्स, दर, तोडणीची वेळ, वाहतूक व पैसे देण्याची मुदत यांचा लेखी करार झाल्याशिवाय एकही कलम लावू नये. करार निदान वेलीच्या फळावर येण्याच्या काळापलीकडे जाणारा असावा.

२. उभी चांगली बाग मोडू नये. वाईनचे वाण प्रथम लहान तुकड्यावर लावावे.

३. मे महिन्यात पाण्याची खात्री नसेल तर कोणतेच द्राक्ष नवे लावू नये. शेततळे व ठिबक प्रथम.

४. एकट्याने वाइनरीचा विचार करू नये. इटलीतही लहान बागाईतदारांच्या द्राक्षांचा मोठा वाटा सहकारी कोठारांतून जातो. शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत, किंवा विंचूर व पलूस येथील वाइन पार्कसारख्या सामाईक सोयींतून काय साधेल ते आधी पाहावे.

५. सेंद्रिय पद्धत शिवाराने मिळून घ्यावी. पाच शेजारी तयार झाले तर गटप्रमाणपत्राचा खर्चही विभागतो.

६. वाईन लावावयाची नसली तरी या बागांची शिस्त घ्यावी : वेलीवर भार मोजून ठेवणे, ओळींत हिरवळीचे खत, पाचटाचे आच्छादन, तांब्याचा वार्षिक हिशेब वहीत लिहिणे, व आपल्या मालाच्या पेटीवर आपले व गावाचे नाव घालणे. खाण्याच्या द्राक्षास व बेदाण्यासही या पाच गोष्टी तितक्याच लागू आहेत आणि त्यांस परवाना लागत नाही.

टस्कनीच्या लहान बागाईतदारास आजची स्थिती एका हंगामात आली नाही. अर्धेली गेली, ओस बागा पुन्हा लागल्या, भेसळीचा कलंक धुवावा लागला आणि मग त्याच्या नावास किंमत आली. धाराशिवच्या शेतकऱ्याजवळ माळ आहे, थंड रात्री आहेत आणि कष्ट करण्याची सवय आहे. उणीव आहे ती मे महिन्यातील पाण्याची व खात्रीच्या गिऱ्हाइकाची. या दोन गोष्टी कागदावर व विहिरीत आधी दिसाव्यात. मगच माळावर खुंट लावावा.